दोन चिमट्यांचें दुकान

सँडविच या पदार्थास मराठींत अद्याप नांव मिळालें नाहीं. ‘भरला पाव’ म्हणावें तर वडापाव डोळ्यांपुढें येतो, आणि ‘पावाची चवड’ म्हणावें तर भाकऱ्यांची चवड आठवते. आमच्या संस्कृतज्ञ वाचकांच्या विचारार्थ आम्ही ‘संपुट’ हा शब्द सुचवितों. सप्तशतीच्या पाठांत एखादा इष्ट मंत्र प्रत्येक श्लोकाच्या आधीं व नंतर म्हणून मधला श्लोक जणूं डबींत मिटून ठेवावयाचा, या रीतीस संपुट म्हणतात हें आपणांस ठाऊक आहेच. वर पाव, खालीं पाव, आणि मध्यें काकडी-बटाट्याचा श्लोक! हें नांव रूढ होईल अशी आशा मात्र आम्ही धरीत नाहीं. गिरगांवांतील ज्या दुकानाविषयीं हा लेख आहे त्याच्या मालकास आम्हीं तें ऐकवून पाहिलें, तेव्हां हातांतील सुरी न थांबवितां तो म्हणाला, “मास्तर, गिऱ्हाइकाला सँडविच म्हटल्यावरच भूक लागते.”

मूळ नांव एका माणसाचें आहे, आणि त्या माणसाची गोष्ट घाईची आहे. इंग्लंडांत केंट परगण्यामध्यें सँडविच नांवाचें गांव आहे. त्या गांवाच्या नांवानें चालत आलेलें उमरावपद धारण करणारा चौथा अर्ल जॉन माँटेग्यू (१७१८–१७९२) हा जुगाराच्या मेजावरून उठावें लागूं नये म्हणून पावाच्या दोन कापांत मांस घालून खात बसे, अशी आख्यायिका एका फ्रेंच प्रवाशाच्या लंडनविषयींच्या पुस्तकावरून पसरली. अर्लच्या अलीकडील चरित्रकाराचें म्हणणें असें कीं, हा गृहस्थ आरमाराचा कारभार पाहणारा, कामसू मनुष्य होता, आणि तो जुगाराच्या नव्हे तर लिहिण्याच्या मेजावर असें खात असावा. तें कसेंही असो. गिबन या इतिहासकाराच्या रोजनिशींत १७६२ सालीं हा शब्द पदार्थवाचक म्हणून आलेला आहे. कॅप्टन कुक यानें १७७८ सालीं हवाई बेटांसही याच अर्लचें नांव दिलें होतें. बेटांवरून तें पुसलें गेलें, पावावरून पुसलें गेलें नाहीं. आम्हांस सांगावयाचें तें एवढेंच कीं, काम न थांबवितां, जागेवरून न उठतां भूक भागवावी याकरितां हा पदार्थ जन्मास आला. अशा पदार्थासाठीं पाऊण तासाहून अधिक वेळ रांगेंत उभें राहावयाची पाळी यावी, हें आम्हांस प्रथम मोठें विपरीत वाटलें.

श्रावणांत एका भाचीच्या मंगळागौरीच्या निमित्तानें आम्ही सपत्नीक चार दिवस गिरगांवांत होतों. गिरगांवाचें रूप आतां पुष्कळ पालटलें आहे. जेथें तीन मजली चाळी, लांकडी जिने आणि कठड्यांवर वाळत टाकलेलीं लुगडीं दिसत, तेथें मान मोडून पाहावें लागेल असे उंच मनोरे उभे राहिले आहेत. आणि २०२५ सालापासून गिरगांवाखालून भुयारी मेट्रोही धांवूं लागली आहे. तरी केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ सालीं सुरू झालेला गणेशोत्सव अद्याप चालू आहे, आणि खोताच्या वाडींत लांकडी सज्जांचीं जुनीं ख्रिस्ती घरें, थोडीं कां होईनात, शिल्लक आहेत. चर्नी रोड स्टेशनावर उतरून ठाकुरद्वाराच्या बाजूस चालूं लागलें म्हणजे उजव्या-डाव्या हातास अनेक गल्ल्या फुटतात. त्यांपैकीं एका गल्लींत, एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर, हें दुकान आहे. रुंदी साडेसहा फूट. ती आम्हीं पावलांनीं मोजली. दुकानाचें नांव मुद्दामच देत नाहीं, कारण मालकाची तशी विनंती आहे. “छापून आलं तर गर्दी होईल, आणि गर्दी मला झेपत नाहीं,” असें तो म्हणाला. सर्व गिऱ्हाइकें त्यास मामा म्हणतात. आम्हीही तसेंच म्हणूं.

दुकानांत मामा एकटा. वय साठीच्या आंतबाहेर, अंगांत पांढरी गंजी, कमरेस स्वच्छ पंचा. समोर लांकडी पाट्यावर पावाचा लांब अखंड लाद. त्याच्या बाजूस काचेच्या पेटींत उकडलेले बटाटे, बीट, काकड्या, टोमॅटो आणि कांदे वेगवेगळ्या खणांत मांडलेले. मागें दोन चुलींची गॅसची शेगडी, आणि भिंतीवर दोन खिळे. एका खिळ्यावरचा चिमटा सतत खालीवर होत असतो. दुसऱ्यावरचा नुसता टांगलेला. चिमटा म्हणजे लांब दांड्यांच्या, बिजागरीनें जोडलेल्या दोन लोखंडी पाट्या. त्यांच्यामध्यें भरलेला पाव मिटून विस्तवावर उलटापालटा करावयाचा. मुंबईच्या रस्त्यारस्त्यावर हीं सँडविचें मिळतात. आणि जें मिळतें तें अर्लच्या सँडविचाहून इतकें निराळें आहे कीं, अर्लला तें ओळखूं आलें नसतें.

करण्याची रीत अशी. प्रथम पावाचे दोन काप काढावयाचे व कडा छाटावयाच्या. मग लोणी, आणि तें अगदीं कडेपर्यंत. यांत केवळ चवीचा प्रश्न नाहीं: हिरवी चटणी ओली असते, तिचें पाणी पावांत शिरलें तर पावाचा लगदा होतो, आणि मध्यें लोण्याचा लेप असला म्हणजे तें शिरत नाहीं. चटणींत कोथिंबीर, पुदिना, मिरची, लिंबू, आणि पाणी सुटूं नये म्हणून मूठभर डाळें. तिच्यावर बटाट्याच्या चकत्या, मग बीट, मग पुन्हां बटाटा. कारण बिटाचा रंग लागला तर पांढरा पाव गुलाबी होतो, यास्तव त्यास दोन बटाट्यांच्या पहाऱ्यांत ठेवावयाचें. शेवटीं काकडी, टोमॅटो व कांदा, आणि प्रत्येक थरावर काळें मीठ आणि मसाला यांची चिमूट. या सर्व सरंजामांत मिरची, बटाटा व टोमॅटो हीं तिन्हीं अमेरिकेंतून समुद्रमार्गें आलेलीं, आणि पाव तर नांवासकट पोर्तुगीजांचा. कोणत्याही स्मृतिकारानें यांचा निषेध केला नाहीं, तो त्यांस तीं ठाऊक नव्हतीं म्हणून.

बुधवारीं बारा वाजून दहा मिनिटांनीं आम्ही रांगेंत उभे राहिलों. पुढें पांच माणसें. शाळेंतील तासांचें वेळापत्रक आखण्यांत आमचें आयुष्य गेल्यामुळें घड्याळाकडे पाहण्याची खोड जात नाहीं. पाव कापून भरण्यास तीन मिनिटें, आणि विस्तवावर पांच. एका सँडविचास एकूण आठ. विस्तवावरचें भाजत असतां मामानें पुढचें भरावयास घ्यावें, म्हणजे काम बरेंच आटोपेल, असें कोणासही वाटेल. पण तो चिमट्यापासून हालत नाहीं. अर्ध्या अर्ध्या मिनिटानें उलटतो, किंचित उघडून पाहतो, कडेनें लोण्याचें बोट फिरवितो. पांच अठ्ठे चाळीस, आणि आमचीं स्वतःचीं आठ. एक वाजण्यास दोन मिनिटें कमी असतां पान आमच्या हातांत आलें. गणित चुकलें नाहीं, एवढेंच समाधान.

थांबलेल्या वेळांत मन मागें गेलें. आमच्या लहानपणीं घरांत पाव येई तो तापांतून उठलेल्या माणसासाठीं. तो स्वयंपाकघरांत जात नसे; खिडकींत ठेवीत, आणि दुधांत बुडवून ओसरीवरच खावा लागे. सोवळ्यांतल्या आत्याबाई त्याकडे पाहूनसुद्धां पदर सांवरीत. त्यांच्या मागच्या पिढ्यांत तर पाव ही केवढी थोरली गोष्ट होती! याच मुंबापुरींत १८४९ सालीं परमहंस सभा स्थापन झाली. तिच्या चालकांमध्यें दादोबा पांडुरंग होते. ज्यांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें व ज्यांस आम्ही मास्तर लोक गुरुस्थानीं मानतों, तेच हे दादोबा. जातिभेद मानीत नाहीं हें नुसतें तोंडानें सांगून सभेंत प्रवेश मिळत नसे. ख्रिस्त्यानें भाजलेला पाव खाऊन दाखवावा लागे. आणि हें सर्व बंद दारांआड. १८६० सालीं सभासदांचीं नांवें फुटलीं आणि सभा मोडली. पुढें दादोबांचे बंधु आत्माराम पांडुरंग यांनीं १८६७ सालीं प्रार्थनासमाज काढला. त्याचें मंदिर याच गिरगांवांत असून भोंवतालचा भागही त्याच नांवानें ओळखला जातो. पुण्यास १८९० सालीं पंचहौद मिशनांतील चहा-बिस्किटांवरून टिळक-रानड्यांपर्यंत ग्रामण्य पोंचलें, ती कथा सर्वश्रुत आहे. पावाच्या एका तुकड्यासाठीं घरेंदारें तुटावयाची वेळ येई. आणि आज त्याच वस्तींत आमचें कुटुंब श्रावणांतल्या बुधवारीं डोक्यावरून पदर घेऊन पावाच्या रांगेंत उभें होतें, व त्याचें कोणास कांहींच वाटत नव्हतें.

कोणास कांहींच वाटत नव्हतें, असें लिहिलें खरें. पण तेंही सर्वस्वीं खरें नाहीं. रांग पुढें सरकूं लागली तसें आमच्या ध्यानांत आलें कीं, मामा पाव हातांत घेण्यापूर्वीं प्रत्येकास विचारतो. ‘कांदा?’ ‘बटाटा?’ ‘चातुर्मास पाळतां का?’ ‘लसूण नाहीं हं चटणींत, तरी सांगतों.’ पुढच्या गृहस्थांस कांदा चालत होता, पण त्यांच्या आईसाठीं न्यावयाचें होतें त्यांत चालत नव्हता. तेवढ्यासाठीं मामानें पाटा पुसला, सुरी धुतली, आणि मग दुसरा पाव कापला. गिरगांव-ठाकुरद्वाराची वस्ती अशी मिश्र आहे कीं, एकाच जिन्यावर कोंकणस्थ, पाठारे प्रभु, गुजराती वैष्णव, मारवाडी जैन आणि ख्रिस्ती नांदतात, आणि प्रत्येकाचें पान निराळें. परमहंस सभेंतल्या मंडळींनीं सर्व नियम एका घांसांत मोडावे म्हणून पाव खाल्ला; मामाच्या दुकानांत प्रत्येकाचा नियम सांभाळावा म्हणून तोच पाव इतका सावकाश तयार होत होता.

आमच्यापुढें तिसऱ्या स्थानीं एक वृद्ध गुजराती बाई होत्या. वय ऐंशीच्या घरांत, पांढरें पातळ, हातांत कापडी पिशवी. मामानें त्यांस ‘या, बा’ म्हणून आंतलें स्टूल दिलें. त्या जैन, सँडविच नातवासाठीं. त्यांची मागणी ऐकण्यासारखी होती. कंद म्हणून बटाटा नको, कांदा नको, बीट नको. चातुर्मास असल्यामुळें पालेभाजी वर्ज्य, म्हणून कोथिंबिरीची चटणी नको. आमच्या कुटुंबानें कानांत विचारलें, “मग उरलं काय?” व्याकरणांत क्विप् नांवाचा एक प्रत्यय आहे, तो लागतो आणि त्याचा सर्वच्या सर्व लोप होतो, तरी शब्दास अर्थ देण्याचें काम तो करून जातो. आम्हांस त्याची आठवण झाली. पण मामाचें सँडविच तितकें रितें नव्हतें. बटाट्याच्या जागीं उकडलेलें कच्चें केळें, सोबत काकडी, टोमॅटो आणि ढोबळी मिरची, व चटणी सुक्या लाल मिरचीची, निराळ्या बरणींतली. पाटा निराळा, सुरी निराळी. आणि मग मामानें भिंतीवरचा तो दुसरा चिमटा काढला.

तेवढ्यांत रांगेच्या शेवटीं असलेला एक तरुण पुढें आला. पाठीवर टपालाच्या पाकिटांची भली मोठी पिशवी, अंगावर कोणत्या तरी कंपनीचा सदरा, घामानें भिजलेला. तो म्हणाला, “मामा, म्हणजे तो चिमटा चालतो तर! मग मघापासून शोभेला टांगलाय का? मला अर्ध्या तासाची सुट्टी असते, वीस मिनिटं इथंच गेली. दोन्हीं चुली लावा ना.” त्याच्या बोलण्यांत उद्धटपणा नव्हता; भूक होती. मामानें उत्तर दिलें, “तो चिमटा कांदा-बटाटा न खाणाऱ्यांचा आहे, बाळा. त्यावर दुसरं भाजीत नाहीं. तुला घाई असेल तर साधं चटणीचं देतों, न भाजतां, आत्तां देतों.” परंतु तें वाक्य पुरें होण्यापूर्वींच तो तरुण वळला व पिशवी सांवरीत गल्लीबाहेर गेला. मामा क्षणभर त्या दिशेनें पाहत राहिला. चिमटा मात्र वेळेवर उलटला.

त्या तरुणाचें जाणें आमच्या मनास लागलें. आम्हां निवृत्तांस पाऊण तास म्हणजे काय? एक वर्तमानपत्र. ज्याचा पगार मिनिटांवर मोजला जातो त्यास ती संबंध दुपार होते. मंद सेवेचें कौतुक करणारे लेखक बहुधा जेवून आलेले असतात. म्हणून येथें स्पष्ट लिहितों कीं, मामाचा सगळाच सावकाशपणा सारखा नव्हे. विचारून करणें, पाटा पुसणें, चिमट्यापाशीं उभें राहणें यांत त्याचा धर्म आहे. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. पण सुरी बोथट आहे, टोमॅटो कापला न जातां चेपला जातो. बटाटे एकेक, लागतील तसे सोलले जातात. सुट्या पैशांचा डबा शेगडीमागें आहे, आणि मोबाइलवरून पैसे देण्याचा चौकोनी छाप चटणीच्या बरणीआड असल्यामुळें प्रत्येक गिऱ्हाईक वाकून तो शोधतें. यांत कसली कला? ही निव्वळ अव्यवस्था आहे. आमच्या हिशेबानें दर सँडविचामागें एक मिनिट तरी यांत जातें. हें आम्हीं मामास सांगितलें, आणि त्यानें तें निमूटपणें ऐकून घेतलें. दुसऱ्या दिवशीं बरणी हाललेली होती. सुरी तीच होती.

चवीविषयीं चार शब्द. आमचें सँडविच कांद्यासह होतें, कुटुंबाचें चातुर्मासामुळें कांद्याविना. बाहेरून पाव सोनेरी, कडक, दाताखालीं कुरकुरणारा. आंत बटाटा ऊन, आणि काकडी मात्र अजून थंड. ऊन आणि थंड एका घांसांत यावें, यासाठींच तो चिमटा इतका जपावयाचा असतो. विस्तव अधिक झाला तर काकडी शिजते, कमी झाला तर बटाटा गार राहतो. चटणी तिखट, पण जिभेवर रेंगाळणारी नव्हे. वर शेव भुरभुरून मामानें त्याचे सहा तुकडे केले, तेही त्या बोथट सुरीनें, तरी एकही थर सुटला नाहीं. किंमत साठ रुपये. कुटुंबाचा अभिप्राय: “मीठ थोडं कमी चाललं असतं, पण आपल्याला घरीं हें व्हायचं नाहीं.” त्यांच्या तोंडून हें दुसरें वाक्य आम्हीं फारसें ऐकलेलें नाहीं.

गुरुवारीं आम्ही पुन्हां गेलों. या वेळीं गर्दी ओसरल्यावर, एकच्या पुढें. तेव्हां मामाशीं बोलतां आलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्या वेळीं तो एका गिरणीच्या उपाहारगृहांत हरकाम्या पोऱ्या होता. सँडविच भरावयास तो तेथें शिकला. तीं साहेब लोकांच्या कचेरींत जात. गिरणी पुन्हां धड चाललीच नाहीं. मग शाळेच्या फाटकापाशीं पाटी, मग हातगाडी, आणि शेवटीं नातलगाची ही खोली. घरपोंच खाणें पोंचविणाऱ्या कंपन्यांचीं माणसें दोनदां येऊन गेलीं. त्यानें नकार दिला. कारण विचारतां म्हणाला, “त्यांच्या यंत्रावर मागणी येते, पण माणूस येत नाहीं. विचारायचं कुणाला?” चाळीच्या पुनर्बांधणीचीही बोलणीं चालू आहेत. नव्या इमारतींत गाळा मिळेल असें सांगतात. केव्हां, तें कोणी सांगत नाहीं.

इतक्यांत त्याची मुलगी आली. ती वाणिज्य शाखेंत शिकते, आणि कॉलेज सुटलें म्हणजे दुपारी वडिलांच्या हाताखालीं उभी राहते. ती आली कीं कामाचा वेग दुप्पट होतो, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें: ती भरते, तो भाजतो. आदल्या दिवशींचा टपालवाला तरुण त्या दिवशींही आला होता, आणि साधें चटणीचें सँडविच घेऊन, चालतां चालतां खात, दोन मिनिटांत गेला, असें मामानें मोठ्या समाधानानें सांगितलें. मुलगी मात्र समाधानी नव्हती. ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही संस्कृतचे मास्तर ना? मग तुम्हीच बाबांना सांगा. बारा ते एक या वेळांत तो दुसरा चिमटा सगळ्यांसाठीं वापरायचा, आणि बा आल्या कीं विस्तवावर लाल करून, घासून त्यांच्यासाठीं घ्यायचा. रोज दहा-बारा गिऱ्हाइकं परत जातात. माझी फी त्यांतूनच भरायची असते.”

प्रश्न शास्त्राचा होता, आणि शास्त्र मुलीच्या बाजूचें होतें. धातूचीं पात्रें अग्नीनें, भस्मानें व उदकानें शुद्ध होतात असें आपले शास्त्रकार सांगतात. मातीच्या भांड्यासारखें लोखंडास कायमचें विटाळाचें भय नाहीं. तसें आम्हीं प्रामाणिकपणें सांगितलें. मुलगी विजयी मुद्रेनें वडिलांकडे पाहूं लागली. मामानें चिमटा पुसून खिळ्यास लावला आणि तो म्हणाला, “लोखंड शुद्ध होईल हो, मास्तर. पण मीं बांना बारा वर्षांपूर्वीं सांगितलं, ह्यावर दुसरं कांहीं भाजत नाहीं. त्या बाहेरचं दुसऱ्या कुठलंच घरांत आणीत नाहींत. त्यांनीं कधीं तपासून पाहिलं नाहीं.” शेवटचें वाक्य त्यानें अशा रीतीनें उच्चारलें कीं, तपासून पाहिलें असतें तर तो कदाचित मुलीचें ऐकता.

यावर आम्हांस एकच मार्ग सुचला: ज्यांस शब्द दिला त्यांसच विचारावें. मामास तें अवघड वाटत होतें. विचारणें म्हणजेच अर्धा शब्द मोडणें, असें त्याचें मत. पण मुलीस धीर अधिक. शुक्रवारीं आमच्या देखतच तिनें बांना सर्व सांगितलें: परत जाणारीं माणसें, तो टपालवाला, फी, आणि शास्त्रार्थही. बांनीं सर्व ऐकून घेतलें. मग गुजराती वळणाच्या मराठींत त्या म्हणाल्या, “माझ्या घरीं सुनेचा चिमटा पडलेला आहे, लहान आहे. तो उद्यां आणून देते. माझ्या मुलाचं त्यावर कर, आमच्या दुसऱ्या लोकांचं पण त्यावर कर. हा तुझा तूं वापर. इतके दिवस बोलला का नाहींस?” या प्रश्नास मामाजवळ उत्तर नव्हतें. त्यानें केळें सोलावयास घेतलें.

शनिवारीं आमची परतीची गाडी होती. तरी सकाळीं जाऊन पाहिलेंच. भिंतींत तिसरा खिळा ठोकलेला होता, व त्यावर घरगुती बनावटीचा, लांकडी मुठीचा लहानसा चिमटा होता. कडा छाटलेला पाव त्यांत जेमतेम बसतो. दुसरा मोठा चिमटा अद्याप आपल्या जागीं नुसताच टांगलेला होता, आणि मामा पहिल्यावरच एकेक सँडविच भाजीत होता. मुलगी कॉलेजांत गेलेली. आम्हीं त्या चिमट्याकडे पाहिलेलें त्याच्या लक्षांत आलें. “होईल,” तो म्हणाला, “सवय नाहीं ना.”

ज्यांस जाऊन पाहावयाचें असेल त्यांनीं सोमवार टाळावा, त्या दिवशीं दुकान बंद असतें. पाव सकाळीं साडेसातास येतो, आणि शेगडी दहाला पेटते. अकराच्या सुमारास गेल्यास पुढें एक-दोघेच असतात. बारा ते एक या वेळांत चिमट्यांचा निकाल लागेपर्यंत तरी जाऊं नये, आणि गेल्यास कामावर परतण्याची घाई असणाऱ्यास पुढें जाऊं द्यावें. बसावयास स्टूल एकच आहे, व तें कोणासाठीं आहे हें वर आलेंच आहे. सुटे पैसे न्यावेत. आणि मामानें विचारलें असतां स्पष्ट सांगावें. ‘कांहींही चालेल’ या उत्तरानें त्याचें समाधान होत नाहीं. तें ऐकलें कीं तो सुरी खालीं ठेवतो आणि पहिल्यापासून पुन्हां विचारूं लागतो.